डाव कोणी थांबवायचा?

खेळातील विक्रम म्हणजे एका व्यक्तीच्या ताकदीचा आणि चिकाटीचा आकडा, अशी सर्वसामान्य समजूत असते. परंतु मोठ्या विक्रमांच्या नोंदी बारकाईने पाहिल्या की त्या आकड्याच्या घडणीत आणखी कोणाचा तरी हात दिसू लागतो, आणि तो असतो खेळ पुढे चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरवणाऱ्याचा. हा निर्णय कधी कर्णधाराने घेतलेला असतो, कधी प्रशिक्षकाने, कधी नियमपुस्तकाने, तर कधी तो कोणीच घेतलेला नसतो. या गोष्टीचा सर्वांत ठळक दाखला उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या रहिवाशांना दूर शोधावा लागत नाही, कारण उल्हासनगर स्थानकावरून मुंबईच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडीनंतर ज्या कल्याणला थांबते, तेथेच तो घडला.

४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणमधील युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर, भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात, के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या यष्टिरक्षक-फलंदाजाने नाबाद १००९ धावा केल्या. चार आकडी वैयक्तिक धावसंख्येची ही क्रिकेटमधील पहिलीच नोंद होती. तिच्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते, म्हणजे ८७० धावा केवळ सीमापार गेलेल्या चेंडूंवर जमा झाल्या होत्या. पहिल्या दिवसाअखेर तो ६५२ धावांवर खेळत होता आणि तेव्हाच जुना विश्वविक्रम मागे पडला होता. शाळेने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला, म्हणजे फलंदाज शिल्लक असतानाही आपण होऊन तो संपवला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले आणि सामना एक डाव व १३८२ धावांनी संपला.

सामन्यानंतर या विक्रमावर आक्षेप घेतले गेले: सीमारेषा जवळ होती, झेल बरेच सुटले, समोरची मुले वयाने लहान आणि अननुभवी होती. हे मुद्दे खोटे नाहीत. पण तेवढ्यावरून विक्रम उणा ठरवणे योग्य नाही, कारण रिक्षाचालकाच्या या मुलाने कोणताही नियम मोडला नव्हता आणि दोन दिवस एकाग्रता ढळू न देणे हे कोणत्याही वयात अवघडच असते. खरा प्रश्न निराळाच होता: हजार धावा होईपर्यंत डाव चालू ठेवण्याची मुभा नियमाने दिली होती आणि तो थांबवण्याची जबाबदारी नियमाने कोणावरच टाकलेली नव्हती. चेंडू आणण्यासाठी सीमेपलीकडे वारंवार धावणाऱ्या मुलांची काळजी घेणारा नियम शालेय क्रिकेटमध्ये असायला हवा, असे या सामन्याकडे पाहून तीव्रतेने वाटते.

जो विक्रम कल्याणमध्ये मागे पडला तोही शाळकरी मुलाचाच होता. आर्थर कॉलिन्स याने जून १८९९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन कॉलेजच्या अंतर्गत सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. तो सामना रोज दुपारच्या मोकळ्या वेळात, तुकड्या-तुकड्यांनी खेळला गेला आणि त्याचे सर्व साथीदार बाद होईपर्यंत चालला. कॉलिन्सचा जन्म भारतात, आजच्या झारखंडमधील हजारीबाग येथे झाला होता, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. नोव्हेंबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, तो बेल्जियममधील ईप्र येथे मारला गेला; त्याचा विक्रम त्याच्यामागे एक शतकाहून अधिक काळ टिकला.

शालेय सामन्यात डाव थांबवण्याचा आदेश आला आणि तो ऐकू आला नाही, असेही घडलेले आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. डाव घोषित करावा असा निरोप प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्याकडून आला होता. तो सांगण्यासाठी साहाय्यक प्रशिक्षक सीमारेषेवरून हातवारे करीत राहिले आणि दोन्ही मुलांनी तिकडे पाहण्याचे टाळले, ही हकिकत पुढे त्या दोघांनीच अनेकदा सांगितली आहे. भारतीय क्रिकेटमधील सर्वांत प्रसिद्ध भागीदारी अशा प्रकारे, काही अंशी, न पाहिलेल्या इशाऱ्यावर उभी आहे.

याच्या अगदी उलट घडले ते पुण्यात, आणि मराठी क्रीडा-इतिहासातील सर्वांत चटका लावणारे पान तेच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. हा प्रथम श्रेणीचा, म्हणजे कसोटीखालोखाल मान असलेला, अनेक दिवसांचा सामना होता. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपल्यावर महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी ४९ चौकार आणि एका षटकारासह नाबाद ४४३ धावा केल्या आणि कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी रचली. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. जानेवारी १९३० मध्ये डॉन ब्रॅडमन यांनी सिडनीत केलेला नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम आता केवळ नऊ धावा दूर होता, आणि बरोबरीनंतर एकच धाव पुरेशी होती.

तिसऱ्या दिवशी विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना पुढे खेळण्यास नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये, ही त्यामागची भावना होती असे सांगितले जाते. विक्रमापुरती दोन षटके तरी टाकावीत, अशी विनंती महाराष्ट्राच्या बाजूने झाली. ती मान्य झाली नाही, काठियावाडचा संघ सामान आवरून स्थानकाकडे निघाला आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला. क्रिकेटमध्ये डाव घोषित करण्याचा अधिकार फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराचा असतो. येथे तो अधिकार क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराने प्रत्यक्षात हिरावून घेतला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही, तरी प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाने केलेली ती सर्वोच्च धावसंख्या ठरली. १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेले निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरातच वारले. आयुष्याच्या हिशेबातही त्र्याण्णव वर्षे पुरी होण्यास एक दिवस कमी पडला.

यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा रणजी उपांत्य सामना झाला आणि तेथे कोणीही खेळ थांबवला नाही, कारण बाद फेरीचे सामने तेव्हा निकाल लागेपर्यंत खेळले जात. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. सामन्यातील एकूण धावा २३७६ झाल्या, नऊ शतके नोंदली गेली आणि मुंबई ३५४ धावांनी जिंकली. एका प्रथम श्रेणी सामन्यातील धावांचा हा जागतिक उच्चांक आहे. सहाशेहून अधिक धावा चौथ्या डावात करूनही हरण्याची वेळ महाराष्ट्रावर आली, हे त्या सामन्याचे खरे आश्चर्य होय.

अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत, जेथे खेळाडूला खेळण्याचे वेतन मिळते आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात, हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लहान गावात विल्ट चेंबरलेन याने फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका बास्केटबॉल सामन्यात १०० गुण मिळवले. प्रेक्षक अवघे ४१२४ होते आणि सामन्याचे चित्रण उपलब्ध नाही. विक्रम आपल्याविरुद्ध होऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू शेवटी चेंबरलेनला सोडून त्याच्या साथीदारांवर मुद्दाम नियमभंग करू लागले, जेणेकरून चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचू नये. उलट वॉरियर्सचे खेळाडू चेंडू लवकर परत मिळावा म्हणून निक्सवर तेच करू लागले. ठाकोरसाहेबांची भावना येथेही होती, पण घड्याळावर चालणाऱ्या खेळात मैदान सोडून जाण्याची सोय नव्हती. ८ डिसेंबर १९४० रोजी अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनला ७३-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षकांत गेलेले चेंडू परत येईनात म्हणून, टचडाउननंतरची अतिरिक्त गुणाची लाथ मारू नये, अशी विनंती पंचांना करावी लागली.

बेसबॉलची गोष्ट तर पुण्याच्या १९४९ च्या सामन्याची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. या खेळात बरोबरी सुटेपर्यंत जादा डाव खेळले जातात. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री पॉटकेट आणि रॉचेस्टर या दुय्यम श्रेणीच्या व्यावसायिक संघांतील सामना पहाटे चारनंतरही चालूच होता. रात्री ठरावीक वेळेनंतर खेळ थांबवण्याचा जो नियम होता, त्याचा मजकूर पंचांकडील प्रतीत नव्हता. बत्तीस डावांनंतर खेळ थांबला तेव्हा मैदानात एकोणीस प्रेक्षक उरले होते. २३ जून रोजी उरलेला सामना पुन्हा सुरू झाला आणि तेहतिसाव्या डावात, अठरा मिनिटांत, पॉटकेट ३-२ असे जिंकले. अमेरिकेतील हौशी आणि मुलांच्या स्पर्धांत मात्र आघाडी फार वाढली की सामना तेथेच संपवण्याचा नियम रूढ आहे, आणि कल्याणच्या मैदानावर उणीव होती ती नेमकी अशाच तरतुदीची.

ब्रॅडमन यांचा विक्रम शेवटी मोडला तो कराचीत. जानेवारी १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद यांनी कराचीकडून बहावलपूरविरुद्ध ४९९ धावा केल्या; दिवसाचे दोनच चेंडू उरले असताना धावफलकावर त्यांची संख्या ४९६ दिसत होती, म्हणून ते घाईने दुसरी धाव घेण्यास गेले आणि धावबाद झाले. परतताना फलकावरील आकडा सुधारला गेला, तेव्हा प्रत्यक्षात ते ४९८ वर होते हे त्यांना कळले. येथे थांबवणारा निर्णय फलक बदलणाऱ्याच्या उशिराने घेतला, असे म्हणावे लागेल. हनीफ यांचा जन्म जुनागढचा, म्हणजे निंबाळकरांना अडवणाऱ्या काठियावाड प्रदेशातलाच. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब कराचीला गेले. त्याच काळात कराचीसह सिंधमधील हजारो कुटुंबे उलट दिशेने निघून कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लष्कराने पाडलेले कॅम्पचे क्रमांक मात्र पत्त्यांत तसेच राहिले. कराचीत जन्मलेले आणखी एक सिंधी, गुलाबराय रामचंद, मुंबईकडून खेळू लागले आणि डिसेंबर १९५९ मध्ये, हनीफ यांच्या त्या डावाच्याच वर्षी, कानपूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी विजय मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार ठरले.