गिऱ्हाइकासाठी फुकट वायफाय : दुकानदार सभासदांनी काय पाहावे

ऊस विकास विभागाने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे; वायफायवर लिहिण्याचे काय कारण, असे काही सभासद म्हणतील. कारण साधे आहे. आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरी आज उसाबरोबर एखादा धंदाही आहे. कुणाचे कृषी सेवा केंद्र, कुणाचे चहाचे हॉटेल, कुणाची पिठाची गिरणी. ऊस नोंदीसाठी आम्ही गटात फिरतो तेव्हा उसाचे बोलणे संपले की घरातली तरुण मुले हमखास विचारतात, "साहेब, दुकानात फायबर घेतलंय. गिऱ्हाइकाला वायफाय द्यावं का?"

आमचे म्हणणे असे की, जरूर द्यावे. मात्र पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा आणि मोकळे व्हायचे, ही जी पद्धत पडली आहे ती बरी नव्हे.

याला आधार आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी. त्या घरच्या माणसाने मेल पाठवला नव्हता. त्याचे वायफाय उघडे होते, त्याचा फायदा भलत्यानेच घेतला. पण जोडणी त्याच्या नावावर, म्हणून चौकशीचा ससेमिरा त्याच्या मागे लागला. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि सप्टेंबरात चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून तसेच मेल गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढली. सार्वजनिक जागी वायफाय देताना वापरणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत वर्षभर जपून ठेवावी किंवा त्याच्या मोबाईलवर संदेशाने पासवर्ड पाठवावा, असा तिचा आशय होता.

"सानपाडा कुठे, आपलं गाव कुठे!" असे कुणी म्हणेल. पण गळीत हंगामात रस्त्याकडेच्या हॉटेलात रोज किती नवी माणसे टेकतात ते पाहा. ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, मुकादम, बीड-पाथर्डीकडचे तोडणी कामगार. त्यांच्यावर संशय घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट दिवसभर तोडणी करून संध्याकाळी गावाकडच्या लेकराचे तोंड मोबाईलवर पाहायला मिळावे, ही त्यांची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. पण शंभरांत एखादा ऑनलाइन फसवणूक करणारा निघाला, तर पोलिसांना सापडतो तो जोडणीचा मालक. कोण वापरून गेला याची नोंद नसेल तर मालक काय सांगणार?

यावर सरकारी वाट निघाली आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. पूर्वी दुकानाबाहेर पीसीओचा फोन असे, त्याच धर्तीवर हे 'सार्वजनिक डेटा कार्यालय'. नाव भारदस्त, पण पानटपरीवालाही ते चालवू शकतो. दुकानदाराला परवाना, नोंदणी किंवा फी काही लागत नाही. नोंदणी लागते ती अशी अनेक दुकाने सांभाळणाऱ्या कंपनीला. गिऱ्हाईक ॲप घेतो, एकदा मोबाईल नंबरची ओळख पटवतो. वापराचा हिशेब ती कंपनी ठेवते, दुकानदाराला वही घालावी लागत नाही. वायफाय फुकट द्यायचे की थोडक्या रुपयांचे कूपन ठेवायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता खर्चाचे. घरगुती प्लॅन घेऊन तो गिऱ्हाइकांना वाटणे कंपनीच्या अटींत बसतेच असे नाही, आधी विचारावे. वाणीसाठी जोडणी मागितली की महागड्या लीज लाइनचे दर पुढे केले जात, अशी तक्रार होती. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला की, २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी अशा दुकानांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. जोडणी घेताना हा आदेश सांगावा. समोरच्याला ठाऊक नसेल तर वरच्या कार्यालयात विचारायला लावावे, लाजू नये.

दुसरी गोष्ट अशी की, दुकानाची लाइन आणि गिऱ्हाइकाची लाइन एक ठेवू नये. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' ही सोय असते. बिलाचा संगणक, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि प्रिंटर आपल्या लाइनवर, गिऱ्हाईक गेस्टवर. राउटरबरोबर आलेला ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. गेस्टच्या वेगाला मर्यादा घालावी, नाहीतर चार पोरे क्रिकेट बघत बसतील आणि खताच्या पॉस मशीनवर अंगठा ठेवून शेतकरी ताटकळत उभा राहील.

तसेच वायफाय कशासाठी, हेही मनाशी धरावे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणा कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. मोठमोठ्या कल्पना होत्या. प्रत्यक्षात शेतकरी येत ते मुख्यतः उसाच्या व खताच्या हिशेबासाठी. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले. आपल्याकडेही तसेच आहे. शिवारात रेंज नसली तरी ई-पीक पाहणीची नोंद मोबाईलमध्ये राहते, ती नेट मिळाल्यावर अपलोड करता येते. हे काम दुकानात पाच मिनिटांत होते. आलेला शेतकरी औषधाची बाटली घेऊनही जातो, हा दुकानदाराचा फायदा आम्ही वेगळा सांगायला नको.

राउटर लोखंडी कपाटात किंवा खताच्या थप्पीमागे ठेवू नये. उंच, मोकळ्या जागी ठेवावा. पत्र्याच्या भिंतीपलीकडे वेग कमी मिळणारच. वीज गेल्यावर चालण्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. मात्र वळवाच्या पावसात आभाळ कडाडू लागले की ॲडॉप्टरची पिन सरळ काढून ठेवावी. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, ती येते बोर्डातून.

– ऊस विकास अधिकारी