माओरी मुलांची शाळा आणि घरची भाषा

न्यूझीलंडचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा क्रिकेटच्या निमित्ताने. तेथील मूळ रहिवासी जे माओरी, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा रीतीने ज्यांची मुले वाढतात त्या प्रत्येक कुटुंबाने ती जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

१८६७ साली तेथे माओरींच्या शाळांविषयीचा कायदा झाला. शाळा हवी असेल तर गावाने जमीन द्यावी, खर्चाचा काही भार उचलावा आणि शिक्षण होता होईल तो इंग्रजीतून व्हावे, अशा त्याच्या अटी होत्या. गावोगावच्या माओरींनी आपली जमीन शाळेसाठी काढून दिली. एवढेच नव्हे, तर १८७६ साली वि ते हाकिरो व इतर ३३६ जणांनी पार्लमेंटकडे अर्ज करून, शाळेत माओरीचा एक शब्दही बोलू देऊ नये, अशी मागणी केली. आज हे वाचून नवल वाटते. पण त्या आईबापांचा हिशेब समजण्याजोगा आहे. माओरी तर मूल अंगणातच शिकते. राज्यकर्त्यांशी व्यवहार करण्याची जी भाषा, ती शाळेने द्यावी. घरचे धन घरी सुरक्षित आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते.

या शाळा लहानशाच असत. पुष्कळ ठिकाणी पती-पत्नी मिळून शाळा चालवीत. वाचन, लेखन, अंकगणित आणि मुलींना शिवणकाम असा क्रम असे. गावकऱ्यांना औषधेही शिक्षकांकडूनच मिळत. १८८० साली जेम्स पोप यांनी केलेल्या नियमावलीत खालच्या वर्गांपुरती माओरीच्या उपयोगाला मुभा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम बर्ड निरीक्षक झाले, तेव्हा इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी हा आग्रह बळावला आणि माओरी भाषा खेळाच्या मैदानावरूनही हद्दपार होऊ लागली. सर्वच शाळांत सारखी सक्ती नव्हती. तथापि अनेकांनी मार खाल्ला. सर जेम्स हेनारे (जन्म १९११) यांनी वृद्धापकाळी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल त्यांना रानात धाडण्यात आले, तेथून वेलाची काठी तोडून आणावयास लावले आणि त्याच काठीने मारण्यात आले. इंग्रजी ही पोटापाण्याची भाषा आहे, असे एका निरीक्षकाने त्यांना बजावले होते.

उच्च शिक्षणाची कथाही अशीच आहे. हॉक्स बे प्रांतातील ते औटे विद्यालयात जॉन थॉर्नटन हे मुख्याध्यापक माओरी मुलांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करीत. आपिराना न्गाता, माउई पोमारे, ते रांगी हिरोआ यांच्यासारखे कर्ते पुरुष तेथूनच निघाले. न्गाता १८९३ साली पदवीधर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले माओरी. तरीही १९०६ साली नेमलेल्या रॉयल कमिशनचा कौल शेती व हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे पडला. परभाषा शिका म्हणावयाचे आणि ती शिकून वर चढणाऱ्याला नांगराकडे वळवावयाचे, यातील विसंगती उघड आहे.

परिणाम काय झाला? १९१३ साली शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के माओरी बोलत. १९५३ साली हे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवर आले आणि १९७५ साली ५ टक्क्यांच्या आसपास. खेडी सोडून शहरांत झालेले स्थलांतर हेही त्याचे मोठे कारण. परंतु आमच्या मते खरा घाव आणखी खोल होता. मार खाल्लेली मुले मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांच्या वाट्याला ते दुःख येऊ नये म्हणून घरातही इंग्रजीच बोलू लागली. छडीने शाळेतील माओरी थांबविली. घरातील माओरी मायेने थांबविली.

म्हणूनच उपायालाही घरच्याच माणसांपासून आरंभ झाला. १९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे गेला. १९८२ साली पहिले 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, उघडले. ज्यांना भाषा येत होती असे आजी-आजोबा तेथे तान्ह्या-रांगत्या बाळांशी माओरीतच बोलू लागले. १९८७ साली माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. तथापि एका पिढीत सुटलेला धागा पुन्हा जोडावयास अनेक पिढ्या खपावे लागते, हे तेथील लोक आजही अनुभवीत आहेत.

पोटाची भाषा मुलांनी अवश्य शिकावी. त्या माओरी आईबापांची ती इच्छा काही चुकीची नव्हती. चुकले ते गृहीतक. घरची भाषा आपोआप टिकत नाही. ती रोज, जेवताना, रागावताना, लाड करताना बोलावी लागते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांना याहून अधिक सांगावयास नको.