उघड्या झाकणामागच्या गोष्टी

एचएमटीची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळे बनू लागली, पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर आली, ‘जनता’ आणि ‘पायलट’ घरोघरी पोचली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. ही झाली डायलची बाजू. घड्याळ उलटे करून पाठीचे झाकण उघडले की दुसरीच कहाणी सुरू होते. ती मला काशीत ऐकायला मिळाली, दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून चौखंब्याकडे जाणाऱ्या गल्लीत, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांच्या काचेच्या पेटीशेजारी बसून.

हा घाट आपल्याला परका नाही. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी तो अठराव्या शतकात बांधला, आणि ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्यामुळे उस्तादांकडे येणाऱ्या घड्याळांत लग्नात सासऱ्यांनी दिलेली, मुंजीत मामाने बांधलेली, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली अशी घड्याळे पुष्कळ.

कारखाना बंद झाल्याच्या बातमीनंतर जुन्या एचएमटीला एकदम भाव आला. एक तरुण पोपटी डायलचा ‘पायलट’ घेऊन आला. ‘न वापरलेला, पेटीबंद माल’ असे सांगून तो त्याला विकला होता. उस्तादांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले. आत सतरा खड्यांचे अस्सल एचएमटी मशीन, पण स्क्रूंची डोकी पेचकसाने कुरतडलेली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा. घड्याळ उघडणारा कारागीर आपली खूण आणि तारीख तिथे कोरून ठेवतो. हे बाहेर कुणी सांगत नाही, पण घड्याळाची खरी जन्मपत्रिका तीच. उस्तादांनी एका खुणेवर बोट ठेवले. ती त्यांचीच होती. हेच घड्याळ त्यांनी काही वर्षांपूर्वी साफ केले होते, तेव्हा त्याचा डायल काळा होता.

जुना डायल खरवडायचा, नवा रंग द्यायचा, त्यावर अक्षरे छापायची, केसला झगझगीत पॉलिश मारायचे, असा हा मोठा धंदा आहे. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एका मराठी माणसाला हे नाव ऐकताना वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. ओळखायची रीत सोपी आहे. डायलवरची बारीक अक्षरे भिंगाखाली पाहा: कारखान्याची छपाई रेखीव असते, रंगवलेल्या डायलची पसरलेली. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर पॉलिश फार झाले आहे. आणि विकणारा झाकण उघडून दाखवायला तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

याच धंद्यातून एक घड्याळ थोडक्यात वाचले. एका आजींकडे यजमानांचे फाव्र-ल्युबा ‘सी चीफ’ होते. ही कंपनी स्वित्झर्लंडची, १७३७ सालची, आणि १८६५ पासून हिंदुस्थानात आलेली. एकेकाळी आपल्याकडे स्विस घड्याळ म्हटले की हेच नाव आधी निघे. नातवाच्या मुंजीत ते द्यायचे होते, म्हणून आजी म्हणाल्या, “डायल फार मळकट झालाय हो, नवा करून द्या.” उस्तादांनी हात जोडले, “माँजी, डायलला हात लावायचा नाही.” आजी रागावून दुसऱ्या मोठ्या दुकानात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या दुकानाचा पोऱ्या एक पुडी घेऊन उस्तादांकडेच आला. दुकान कितीही झगमगीत असो, मशीन उघडायचे काम शेवटी गल्लीत येते! पुडीवर चिठ्ठी होती, ‘सर्व्हिस, डायल नवा’. उस्तादांनी सर्व्हिस केली आणि डायलऐवजी काच घासली. जुन्या घड्याळांची काच प्लॅस्टिकची असते, वर्षानुवर्षांच्या ओरखड्यांनी ती धुरकट होते आणि दोष डायलला लागतो. आजींनी घड्याळ पाहिले आणि त्या दुकानदाराला म्हणाल्या, “बघा, तुम्ही डायल किती छान नवा केलात.” उस्तादांनी त्यांना खरे काय ते अजून सांगितलेले नाही.

दोन भावांचे वैर तर गल्लीभर गाजले. थोरल्याकडे वेस्ट एंड वॉच कंपनीचे ‘सोवार’, धाकट्याकडे ‘जनता’. आकाशवाणीच्या ठोक्यांवर दोघेही काटे जुळवत आणि सकाळी हिशेब मांडत. थोरल्याचे रोज मागे पडे, धाकट्याचे थोडे पुढे जाई. धाकटा म्हणे, “दादा, तुझा स्विस म्हातारा झाला.” उस्तादांनी घड्याळांना हातही लावला नाही. रात्री ती कुठे असतात एवढेच विचारले. थोरल्याचे पट्ट्याने खुंटीला लटकत असे, धाकट्याचे कोनाड्यात पाठीवर निजत असे. “चार रात्री जागा बदला,” उस्ताद म्हणाले. चार रात्रींनी हिशेब उलटला. उभ्या घड्याळात बॅलन्सच्या टोकांवर घर्षण जास्त असते, आडव्यात कमी, म्हणून एकच घड्याळ दोन स्थितींत दोन चालींनी चालते. जाणती माणसे रात्री घड्याळ कसे ठेवायचे ते ठरवून दिवसाची चूक रात्री भरून काढतात. सेकंदाला पाच ठोके म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. त्यात दहावीस सेकंदांचा फरक पडला तर तक्रार कसली? प्रमाणपत्र मिळालेल्या स्विस क्रोनोमीटरलासुद्धा दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा आहे.

पण सगळ्यात चांगला किस्सा मानमंदिराचा. त्या घाटावर जयसिंहाची वेधशाळा आहे, आणि तिचे वर्णन लिहिणारे बापूदेव शास्त्री मूळचे महाराष्ट्रातले, बनारसच्या संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवणारे. एक गृहस्थ कार्तिकस्नानासाठी काशीत आले होते. नवे ऑटोमॅटिक घड्याळ त्यांनी वेधशाळेतल्या सम्राट यंत्राच्या सावलीशी ताडून पाहिले. घड्याळ सुमारे अठरा मिनिटे मागे! ते तडक गल्लीत आले, दुकानदाराने फसवले म्हणून. उस्तादांनी फोनवरच्या वेळेशी घड्याळ लावून पाहिले आणि म्हणाले, “गुरू, घडी ठीक है, सूरज जल्दी में है.”

ते शब्दशः खरे होते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि तिचा आस कललेला, त्यामुळे सूर्याची वेळ घड्याळाच्या वेळेशी वर्षभर लपंडाव खेळते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सोळा मिनिटे पुढे असते, फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटे मागे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची, आणि काशी त्याच्या जराशी पूर्वेला, म्हणून आणखी दोन मिनिटे. मुंबईचे लोक तर १९५५ पर्यंत आपली वेगळी, एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ सांभाळून होते. हे सगळे ऐकून त्या गृहस्थांनी घड्याळ परत मनगटावर बांधले, आणि फेब्रुवारीत पुन्हा येऊन पाहीन म्हणाले. ते खरेच आले.

काळजी घेताना होणारे घोळ वेगळेच. गणेशोत्सवात लेझीम खेळताना धक्का लागू नये म्हणून एका मुलाने घड्याळ काढून स्पीकरच्या खोक्यावर ठेवले. धक्क्याची भीती तशी फारशी नव्हती: त्याच्या एचएमटीतली ‘पॅराशॉक’ व्यवस्था मूळ सिटिझनची, आणि तिची मजबुती दाखवायला त्या कंपनीने जपानमध्ये हेलिकॉप्टरमधून घड्याळे खाली सोडली होती. पण स्पीकरचे चुंबक शत्रू निघाले. बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटले आणि घड्याळ दिवसाला वीस मिनिटे पळू लागले. उस्तादांनी शेजारी होकायंत्र धरले, सुई थरथरली, निदान झाले. चुंबकत्व काढायला काही क्षण पुरले. जपायला काढलेले घड्याळ जपण्यानेच बिघडले होते.

तसेच पाण्याचे. पंचगंगेवर एकाच सकाळी दोन माणसांनी घड्याळासकट बुडी मारली. पाठीवर ‘३० मीटर’ लिहिले असले तरी ते पावसाच्या शिंतोड्यांपुरते, आणि रबरी वॉशर जुना झाला की तेवढेही नाही. पहिला ओल्या धोतरानेच उस्तादांकडे धावला. दुसऱ्याने शहाणपणाने घड्याळ आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवले. पहिल्याचे तासाभरात वाचले, दुसऱ्याच्या मशीनला गंज चढला. बाहेरची ओल तांदूळ शोषतो, आतल्या पोलादाला त्याचा काही उपयोग नाही.

एक मार्च, एक मे, एक जुलै, एक ऑक्टोबर आणि एक डिसेंबर या तारखांनाही उस्तादांकडे गर्दी होते. साध्या तारखेच्या घड्याळाला प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा वाटतो, म्हणून तारीख हाताने पुढे करावी लागते, आणि हौशी माणूस ती नेमकी मध्यरात्री करतो. रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंत तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात. तेव्हा किल्ली फिरवली की दात तुटतो.

चावीच्या घड्याळाला ‘जास्त चावी दिली’ म्हणून ते बंद पडते, हाही असाच जुना समज. हाताला रोध लागला की थांबावे, एवढेच. ते बंद पडते सुकलेल्या तेलामुळे आणि धुळीमुळे. चारपाच वर्षांनी मशीन पूर्ण सुटे करून साफ व्हायला हवे. झाकण उघडून फुंकर मारणे आणि तेलाचा थेंब सोडणे ही सर्व्हिस नव्हे, ते पुढच्या बिघाडाचे बीज आहे. साफ करणाऱ्याला आधीच विचारा: मशीन सुटे करणार का, आणि ते माझ्यासमोर उघडाल का?

घड्याळ घ्यायचे असेल तर आधी आपल्या गावातला असा कारागीर शोधा. असे हात आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांच्याकडे शिकायला येणारी मुले त्याहून कमी. कपाटात वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ पडून असेल तर ते या महिन्यात त्याच्याकडे न्या, साफ करून घ्या आणि बांधायला लागा. डायल मात्र आहे तसाच राहू द्या.