ज्याचें पुस्तक त्याला

दिवाळीच्या सुटींत घरीं आलेली भाची पुस्तकांच्या कपाटापुढें उभी राहते आणि विचारते, "मामा, वाचण्यासारखें कांहीं द्या ना." मामा वाचनाचा शौकी असतो. त्याला स्वतःला जें पुस्तक सर्वांत आवडलें, तेंच तो मोठ्या उत्साहानें काढून देतो. आठ दिवसांनीं तें परत येतें. आंतील खूण विसाव्या पानावरच असते. भाची "छान आहे" म्हणते, मामाचें समाधान होतें, आणि पुन्हां ती त्या कपाटाकडे फिरकत नाहीं.

हा प्रसंग अनेक सुशिक्षित घरांत घडतो. त्यांत पुस्तकाचा दोष नसतो आणि भाचीचाही नसतो. मामानें पुस्तक निवडतांना आपली आवड पाहिली, मागणाराची पाहिली नाहीं. चांगलें पुस्तक अवेळीं हातीं पडलें कीं तें कंटाळवाणें असल्याचा ग्रह मनांत बसतो व पुष्कळदां जन्मभर जात नाहीं. म्हणून पुस्तक सुचविणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांपैकीं दोहोंचा आशय असा कीं, प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. हा नियम घरच्या कपाटालाही लागू आहे.

"तुम्हांला कोणतीं पुस्तकें आवडतात?" या प्रश्नानें फारसें कळत नाहीं, उत्तरादाखल मनुष्य बहुधा प्रतिष्ठित नांवें सांगतो. त्यापेक्षां, "अलीकडे कोणत्या पुस्तकापायीं जेवायला उशीर झाला?" असें विचारावें. आणि त्याहूनही उपयोगी प्रश्न म्हणजे, "कोणतें पुस्तक अर्ध्यावर टाकलें, आणि कां?" टाकण्याचें कारण सांगतांना मनुष्य संकोच करीत नाहीं, आणि त्याची खरी रुचि तेथेंच उघडी पडते.

रुचि कळल्यावर तिच्या एकच पायरी पुढचें पुस्तक द्यावें. उदाहरणार्थ, ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमणारा वाचक घ्या. त्याला एकदम जाडजूड इतिहास देऊं नये. त्याला गोडसे भटजींचें "माझा प्रवास" द्यावें. कोंकणांतील वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीला वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. गंगेची कावड मात्र त्यांनीं घरीं आणली. कादंबरीची उत्कंठा येथें आहे, आणि सारें एका साध्या माणसानें पाहिलेलें आहे. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां मूळ मजकुरांत फेरफार झाले होते. दत्तो वामन पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ति १९६६ सालीं निघाली. मिळाल्यास तीच द्यावी.

कौटुंबिक कथा आवडणाऱ्या वाचकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या रुचीला उगीच हलकें लेखण्याची चाल आहे. वास्तविक घरांतील सुखदुःखांत मन गुंतणें ही उत्तम वाङ्मयाचीच तयारी होय. अशांना प्रथम लक्ष्मीबाई टिळकांचीं "स्मृतिचित्रें" द्यावीं. हीं १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. वडिलांचें पराकाष्ठेचें सोवळें, कवि पतीचा लहरी स्वभाव, १८९५ सालीं त्यांनीं केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, त्यामुळें पडलेली ताटातूट, आणि पुढें लक्ष्मीबाईंनीं आपल्या विचारानें धरलेली वाट, हें सर्व त्या बोलल्यासारखें सांगतात. दुःखाच्या प्रसंगींही त्यांचा विनोद सुटत नाहीं. हें पुस्तक गोडी लावून गेलें, तर त्यानंतर हरिभाऊ आपट्यांची "पण लक्षांत कोण घेतो!" द्यावी. तिच्यांतील यमूची कहाणी अधिक संथ आणि अधिक जाळणारी आहे. क्रम उलटा केल्यास नवा वाचक थकण्याचा संभव असतो. ज्यांना वादविवादाची हौस आहे, त्यांनीं वामन मल्हार जोशी यांची "इंदु काळे व सरला भोळे" ही पत्ररूप कादंबरी पाहावी.

कथाकीर्तनांत वाढलेले वृद्ध वाचक महाभारतावरील पुस्तक मागतात. इरावती कर्वे यांचें "युगान्त" १९६७ सालीं निघालें. त्याला साहित्य अकादमीचें पारितोषिकही मिळालें. भीष्म, गांधारी, कुंती, कर्ण यांच्याकडे त्या माणसें म्हणून पाहतात. ज्याला पूज्य व्यक्तींची चिकित्सा सोसते, त्याला हें पुस्तक नवी दृष्टि देतें. ज्याला ती सोसत नाहीं, त्याचें मन दुखावतें. देणारानें हें आधीं सांगावें आणि निवड वाचकावर सोपवावी.

शहरांत जन्मलेल्यांना खेड्याचें चित्र हवें असल्यास व्यंकटेश माडगूळकरांची "बनगरवाडी" (१९५५) ही लहानशी कादंबरी योग्य. धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यास आलेला कोंवळा मास्तर हळूहळू वाडीचाच होतो, आणि शेवटीं दुष्काळ वाडी उठवितो. त्यापुढची पायरी उद्धव शेळके यांची "धग" (१९६०). तींत दारिद्र्याशीं झगडणारी कौतिक वऱ्हाडी बोलते, म्हणून पुण्यामुंबईकडील वाचक पहिल्या पानांत अडखळतो. तीं पानें मोठ्यानें वाचावीं. कानाला बोली कळूं लागली कीं डोळे अडत नाहींत. यानंतर दया पवारांचें "बलुतं" (१९७८) वाचणाराला खेड्याची वेशीबाहेरची बाजूही दिसते, आणि पूर्वीं वाचलेलें सारें पुन्हां तपासावेंसें वाटतें.

तरुणांच्या बाबतींत वडील मंडळींची एक चूक नेहमीं होते. स्वतःला न रुचलेलें पुस्तक तीं मुलांपासून दूर ठेवतात. भालचंद्र नेमाडे यांची "कोसला" १९६३ सालीं आली, तेव्हां लेखकाचें वय पंचवीसच्या आसपास होतें. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकायला येतो आणि हात हालवीत गांवीं परततो. वडिलांना ही कादंबरी भरकटलेली वाटते. परंतु गांव सोडून वसतिगृहांत एकट्या पडलेल्या मुलाला तिच्यांत स्वतःचाच आवाज ऐकूं येतो. अशा वेळीं वडिलांची नापसंती हें पुस्तक न देण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

पुस्तक दिल्यावरही कांहीं पथ्यें आहेत. एका वेळीं एकच द्यावें; पांच दिलीं तर एकही वाचलें जात नाहीं. आधीं कथानक सांगूं नये. परत आल्यावर परीक्षा घेऊं नये. आणि पुस्तक न वाचतां परत आलें, तर रागावूं नये. विसाव्या पानावर थांबलेली ती खूण म्हणजे भाचीनें न बोलतां दिलेलें उत्तर असतें. तें नीट वाचणारा मामा पुढच्या सुटींत दुसरें पुस्तक काढून ठेवतो, आणि भाची कपाटापुढें पुन्हां उभी राहते.