पुडीची मागली बाजू

आईला रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य दोन शब्दांचे होते : मीठ कमी. आईने ते निष्ठेने पाळले. पानात मीठ वाढणे थांबले, लोणचे गेले, पापड गेला, आमटी अळणी झाली. चहाबरोबरचा मसाला खाकरा मात्र चालूच राहिला. तिच्या लेखी ते कोरडे, हलके खाणे. रक्तदाब उतरेना. एकदा सहज पुडी उलटी करून पाहिली. शंभर ग्रॅममध्ये सोडियम ८५० मिलिग्रॅम.

"आई, यात मीठ आहे."

"अरे, मीठ कुठे लिहिलंय त्यावर?"

तिचे बरोबर होते. मीठ कुठेच ठळक लिहिलेले नव्हते.

मी आहारतज्ज्ञ नाही. बँकेतल्या नोकरीने नियमांची परिपत्रके बारकाईने वाचायची खोड लावली, तिच्यावरच हा उद्योग चालतो. खाद्यपदार्थांच्या लेबलांचे सध्याचे नियम २०२०चे. त्यांत मिठाऐवजी सोडियमचा आकडा मागितला आहे. सोडियमला अडीचाने गुणले की मीठ मिळते. म्हणजे आईच्या खाकऱ्यात शंभर ग्रॅमला २.१ ग्रॅमहून थोडे अधिक मीठ. २०० ग्रॅमच्या पुडीत सव्वाचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

त्याच तक्त्यात टक्केवारीचाही एक रकाना असतो. दिवसाला २००० किलोकॅलरी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २००० मिलिग्रॅम सोडियम अशी प्रमाणे धरून, एका 'सर्व्ह'मधून त्यातला किती हिस्सा पोटात जातो ते तिथे दिसते. पण 'सर्व्ह' केवढा, हे उत्पादक ठरवतो. २० ग्रॅमचा धरला की आईचा खाकरा साडेआठ टक्क्यांवर येतो आणि निरुपद्रवी दिसू लागतो.

ओळखीच्या किराणा दुकानात काही संध्याकाळी बसून मी गिऱ्हाइके न्याहाळली. छापील किंमत बघतात, तारीख बघतात, आणि हिरवा ठिपका तर न बघितल्यासारखे करून बघतात. तक्त्याकडे कोणी वळत नाही. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ठिपका वाचावा लागत नाही, आणि काय चालते, काय चालत नाही, ही काळजी आपल्या घरांत ठिपक्याच्या आधीपासून आहे. पथ्याचे मात्र वेगळे. आपले पथ्य पदार्थाच्या नावाने सांगितले जाते : वांगे नको, आंबट नको, रात्री दही नको. लेबल बोलते घटकांच्या नावाने. उपासाच्या बटाट्याच्या चिवड्याला 'हलके' म्हणणाऱ्या घरात संपृक्त मेदाचा आकडा कोणत्या खणात ठेवायचा?

भाषेचीही गोष्ट आहे. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी, असे नियम सांगतो. इतर भाषा हव्या तर जोडाव्यात. मराठी आली तर उत्पादकाच्या मर्जीने. पुडीचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पोषणतक्त्यातूनच सूट मिळते. पोरांच्या हातातल्या चिमुकल्या पुड्या बहुधा या मापात बसतात.

पुढल्या बाजूला खूण असावी, हा वाद त्यामुळे महत्त्वाचा. सप्टेंबर २०२२च्या मसुद्यात तारांकनाची कल्पना होती. त्यात साखर-मिठाचे वजा गुण आणि प्रथिने, तंतू, सुकामेवा यांचे अधिक गुण एकत्र होतात. मला ही बेरीज पटत नाही. चार बदाम घातल्याने बिस्किटातले मीठ घटत नाही. चिलीने २०१६पासून पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले : साखर जास्त, सोडियम जास्त. हिरव्या ठिपक्याचा हा दूरचा भाऊच. आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आहे.

तोवर पुडी हातात घेऊन एवढे करता येते : घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा समोर 'मल्टीग्रेन' छापलेले असले तरी मागे पहिले नाव मैद्याचे आहे का ते बघावे.

आईसाठी मी खाकऱ्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली : 'एका पुडीत पाऊण चमचा मीठ'. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग फळीवरचा दुसरा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"आणि या खारीचं?"