वखारीचा नवा राखणदार

सोयाबीन पिकवायला सुमारे चार महिने लागतात. तेच सोयाबीन ओले साठवले, तर नासायला थोडे दिवस पुरतात. म्हणून पिकवण्याइतकीच राखणही महत्त्वाची.

पूर्वी आपल्याकडे धान्य कणगीत किंवा पेवात राखत. आता पुष्कळ माल वखारीत जातो. वखार म्हणजे गोदाम. आपल्या राज्यात १९५७ साली राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. त्याच्या वखारी जागोजाग आहेत. शेतकरी तिथे सोयाबीन, तूर, हरभरा ठेवतो. भाडे भरतो, पावती घेतो. त्या पावतीवर कर्जही मिळते. त्यामुळे भाव पडलेला असताना घाईने माल विकावा लागत नाही.

पण आपला माल दुसऱ्याच्या छपराखाली ठेवला, की मनात शंका येतेच. माल नीट राहील ना? वजन घटणार नाही ना? या राखणीसाठी हल्ली काही गोदामांत नवी उपकरणे बसवतात. ती काय करतात, ते समजून घेऊ.

दाणा श्वास घेतो

दाणा जिवंत असतो. म्हणून तर पेरला की उगवतो. जिवंत आहे, म्हणजे तो श्वासही घेतो. त्यातून थोडी उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. कोरडा दाणा अगदी हळू श्वास घेतो. ओला दाणा भराभर घेतो. मग पोती तापतात, बुरशी धरते, किडे वाढतात. किडेही श्वास घेतातच. त्याने उष्णता आणखी वाढते.

ही उष्णता बाहेरून कळत नाही. थप्पीच्या पोटात धान्य तापलेले असते, आणि बाहेरच्या पोत्याला हात लावावा तर ते थंड लागते. वास येईपर्यंत माल हातचा गेलेला असतो.

इथे सेन्सर नावाचे लहानसे उपकरण कामाला येते. डॉक्टर तापाची नळी लावून अंगातला ताप मोजतो ना, तसेच हे. काही सेन्सर थप्पीतली उष्णता मोजतात. काही हवेतला ओलावा मोजतात. काही कार्बन डायऑक्साइड मोजतात. मोकळ्या हवेत दहा हजार भागांत हा वायू सुमारे ४ भाग असतो. बंद गोदामात तो दिवसेंदिवस वाढू लागला, तर समजावे की आत कीड किंवा बुरशी वाढते आहे. पुष्कळदा पोती तापल्याचे कळण्याआधीच हे कळते.

ही उपकरणे संगणकाशी जोडलेली असतात. मोबाइल आपले बोलणे तारेशिवाय दूर पोचवतो. तसेच हे सेन्सर आपले आकडे पोचवतात. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, की गोदाम सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो. मग त्याने ती थप्पी उघडून बघायची.

वजन का घटते?

वजनकाटाही आता संगणकाला जोडतात. काट्यावर आलेला आकडा थेट नोंदला जातो. हाताने लिहिताना ६ चा ९ होण्याची भीती राहत नाही. थप्पीवर खुणेची चिठ्ठी लावतात. ती यंत्राने वाचली, की माल कुणाचा, कधी आला, किती पोती, हे पडद्यावर दिसते.

आता एक हिशेब करू. समजा, १०० किलो सोयाबीन ठेवले. त्यात ओलावा १४ टक्के होता. म्हणजे १४ किलो पाणी आणि ८६ किलो कोरडा माल. पुढे ते वाळले आणि ओलावा १२ टक्क्यांवर आला. कोरडा माल ८६ किलोच राहिला. पण एकूण वजन भरेल सुमारे पावणेअठ्ठ्याण्णव किलो. सव्वादोन किलो गेले कुठे? ते पाणी होते, हवेत गेले. चोरी झाली नाही. पण पाच किलो घटले, तर मात्र विचारायलाच हवे. ओलाव्याचा आकडा ठाऊक असेल, तरच हा न्याय करता येतो.

यंत्राला काय जमत नाही?

सेन्सर ओले धान्य वाळवत नाही. गळके छप्पर शाकारत नाही. वीज गेली, बॅटरी संपली किंवा धूळ बसली, तर तो गप्प बसतो किंवा चुकीचा आकडा देतो. संदेश आला आणि कुणी उठलेच नाही, तर त्याचा उपयोग काय? कुत्रे भुंकले तरी उठायचे धन्यालाच असते.

कीड मारायला गोदामात विषारी धुरी देतात. तो वायू माणसाचाही जीव घेतो. तो मोजणारे सेन्सरही असतात. तरीसुद्धा ते काम शिकलेल्या माणसानेच करावे. पाटी लावलेली असताना आत पाऊल टाकू नये.

आपण काय करावे?

सोयाबीन चांगले वाळवून न्यावे. ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा. आपल्या डोळ्यांदेखत वजन करावे. काट्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का आहे का, ते पाहावे.

मग पावती वाचावी. नाव, तारीख, पोती, वजन, ओलावा, प्रत, सारे ताडून बघावे. नोंदणी झालेल्या वखारींसाठी २०१७ सालापासून संगणकावरची पावतीही सुरू झाली आहे. ती फाटत नाही, हरवत नाही. पण आकडा चुकीचा घातला, तर संगणकही चुकीचाच दाखवतो. चूक दिसली, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी. घरी आल्यावर बोलून उपयोग नाही.

पूर्वी पावती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. तो सांगेल ते खरे मानावे लागे. आता तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. यंत्र आकडा दाखवील. तो वाचायचा आणि त्याचा जाब विचारायचा, हे काम तुमचे.