आठ जण आणि एक दोर

शक्तिशाली इंजिनांच्या जोरावर जहाजे महासागर ओलांडत असताना नौदलाच्या छात्रांना शिडाच्या जहाजावर कशासाठी पाठवतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. वारा, लाटा आणि प्रवाह यांची जवळून ओळख व्हावी, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर संघभावनेचे. पण संघभावना हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा नेमका अर्थ निसटून जातो. शिडाच्या जहाजावर तो अर्थ चक्क मोजता येतो. कसा, ते पाहू या.

आपल्या देशातलेच उदाहरण घेऊ. गोवा शिपयार्डने बांधलेले ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज ११ नोव्हेंबर १९९७ रोजी भारतीय नौदलात दाखल झाले. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२ साली त्याच धर्तीचे ‘सुदर्शिनी’ त्याच्या जोडीला आले. ‘तरंगिणी’ची लांबी ५४ मीटर आहे. त्यावर २० शिडे असून त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ९६५ चौरस मीटर भरते. म्हणजे एक शीड सरासरी जवळजवळ ५० चौरस मीटरचे झाले.

आता थोडे गणित करू. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. सेकंदाला १० मीटर वेगाचा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ६० न्यूटन बल लावतो. त्या हिशेबाने ५० चौरस मीटरच्या शिडावर ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोग्रॅम वजनाइतके बल येईल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते. प्रत्यक्ष बल शिडाच्या कोनावर अवलंबून असते, आणि कप्प्यांमुळे दोर ओढणे काहीसे हलकेही होते. तरीही हे काम एकट्यादुकट्याचे नाही, हे उघड आहे.

मग दोराला आठ जण लावले की आठपट बल मिळेल? नाही. फ्रेंच कृषी अभियंता माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, माणसे वाढतात तसा प्रत्येकाचा वाटा घटत जातो. त्यांच्या एका कोष्टकात आठ जणांच्या गटातील प्रत्येकाचा वाटा एकट्याने केलेल्या कामाच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता.

याची कारणे दोन. पहिले कारण ताळमेळाचे. आठ जणांचे हिसके वेगवेगळ्या क्षणी बसले तर त्यांची बेरीज होत नाही. जड पोते हलवताना आधी स्थितिक घर्षणावर मात करावी लागते. एकेकाचा हिसका त्याला पुरत नाही, आणि पोते जागचे हलत नाही. दुसरे कारण मनाचे. ‘इतके जण ओढताहेत, मी थोडे कमी ओढले तर काय बिघडले?’ १९७४ साली अमेरिकेत ॲलन इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन कारणे वेगळी केली. डोळे बांधलेल्या माणसाला ‘तुझ्यामागे आणखी काही जण ओढत आहेत’ असे भासवले, पण प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. ताळमेळ बिघडण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही त्याचा जोर कमी पडला.

शिडाच्या जहाजावरच्या रीती या दोन्ही कारणांवरचे उपाय आहेत. दोर ओढताना एक जण हाक देतो आणि सगळे त्या ठेक्यावर जोर लावतात. कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाही माणसे असाच ताल धरतात. हाकेमुळे विखुरलेले हिसके एका क्षणी येतात. पहिला उपाय हा.

दुसरा उपाय नेमून दिलेल्या कामाचा. शिडाचा आडवा दांडा फिरवायचा असतो, तेव्हा एका बाजूचा दोर ओढावा लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा दोर बेताबेताने सोडावा लागतो. सोडणारा गाफील राहिला, तर ओढणाऱ्यांची सारी ताकद वाया जाते. त्याने एकदम सोडला, तर दांडा बेफाम फिरतो. म्हणजे ओढणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळेवर सोडणेही. डोलकाठीवर चढलेले छात्र दांड्याखाली ताणलेल्या एकाच पायदोरावर उभे राहतात. नव्या माणसाने त्यावर पाय ठेवला की इतरांच्या पायाखालचा दोर हलतो. म्हणून पाय ठेवण्याआधी ओरडून सांगायचे, असा नियम आहे. रात्रीच्या पाळीवर बदली माणूस पाव तास उशिरा आला, तर कोणाची तरी तेवढी झोप जाते. इथे कामचुकारपणा गर्दीत लपत नाही. त्याचा परिणाम लगेच दिसतो, आणि तो ओळखीच्या माणसाला भोगावा लागतो.

आता आपल्या शाळेकडे वळू. सहा जणांच्या गटाला एक प्रकल्प दिला जातो, दोघे राबतात आणि चौघांची नुसती नावे लागतात, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेल. आपण त्याचा दोष मुलांच्या वृत्तीला देतो. वर पाहिलेला प्रयोग मात्र सांगतो की, आपला वाटा कळेनासा झाला की साधारण माणूस सैल पडतोच. त्यामुळे उपदेशापेक्षा कामाची रचना बदलणे अधिक उपयोगी. प्रत्येकाला असे काम द्यावे की ते झाल्याशिवाय पुढच्याचे काम सुरूच होऊ नये, आणि कोणी काय केले हे सर्वांना दिसावे. कामे आळीपाळीने बदलावीत, म्हणजे सोडणाऱ्याला ओढणाऱ्याचे कष्ट कळतात.

याची सुरुवात मैदानावर करता येईल. वाळूचे एक जड पोते घ्यावे, त्याला जाड दोर बांधावा आणि चार मुलांना ओढायला सांगावे. दोर हाताला गुंडाळू देऊ नये. आधी कोणतीही खूण न देता दहा हिसके मारू द्यावेत आणि पोते किती सरकले ते मोजावे. थोडी विश्रांती देऊन, एकाने हाक द्यायची असे ठरवून पुन्हा दहा हिसके मारावेत. दोन्ही अंतरे फळ्यावर लिहावीत आणि फरक का पडला, हे मुलांनाच शोधू द्यावे.